बोल सामन्यांची वाटणी: तक्त्यातला क्रमच सगळं ठरवत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सच्या (म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या गटाच्या) तक्त्यात जो वर, त्यालाच मोठा बोल सामना (हंगाम संपल्यावरचा खास सामना) मिळतो, असं म्हटलं जातं. ते इतकं सरळ नाही. सहसा सहा विजय झाले की संघ पात्र ठरतो. पुढचं सगळं कॉन्फरन्स आणि सामन्यांचे आयोजक यांच्यातल्या करारांवर.

एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सचंच बघा. प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणारे संघ बाजूला काढले की ऑरलँडोच्या सिट्रस बोलला निवडीचा पहिला मान. त्याखालच्या टॅम्पा, नॅशव्हिल, ह्यूस्टनसारख्या ठिकाणच्या सामन्यांसाठी २०१४ पासून कॉन्फरन्सच विद्यापीठांशी आणि आयोजकांशी बोलून संघ वाटून देते. मला ही पद्धत मनापासून पटते. लागोपाठ दोन वर्षं त्याच गावी संघ पाठवला, तर चाहत्यांनी विमानाचं तिकीट आणि हॉटेल परवडवायचं तरी किती वेळा?

आणि पात्र संघच कमी पडले तर? २०१५ मध्ये तसंच झालं. मग पाच विजय, सात पराभववाल्यांमध्ये खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीचा गुणांक पाहिला गेला. त्यातून नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाला जागा मिळाली, आणि त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारात यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला ३७-२९ असं हरवलं! वर्गातल्या मेहनतीने मिळालेली ती संधी त्या पोरांनी वाया घालवली नाही.