मदत हवी आहे: पॉइंट (बाणाचं टोक) 125 ग्रेनचा घेऊ की 150? बाण सारखे उजवीकडे जातायत

नवखा_नेमबाज
मंडळी जरा पटकन सांगा, ऑर्डर आज रात्री टाकायचीय. नुकतीच पारंपरिक धनुर्विद्या सुरू केलीय, साइट-स्टॅबिलायझर काही नाही. धनुष्य 35 पाउंडाचं, बाण कार्बनचे 500 स्पाइन (बाणाच्या लवचिकतेचा आकडा, जितका मोठा तितका बाण मऊ), सोबत 100 ग्रेनचे पॉइंट आलेत. बाण पडतात सगळे जवळजवळ पण 15 मीटरवर वीतभर उजवीकडे, आणि जाताना शेपूट हलवत जातात. क्लबातला एक म्हणतो 125 लाव, दुसरा म्हणतो 150 शिवाय मजा नाही. मी उजव्या हाताचा आहे. 125 की 150 एवढंच सांगा.

बाणेदार
दोन्ही नको. उजव्या हाताच्या माणसाचा बाण उजवीकडे जातो म्हणजे शाफ्ट, बाणाची काडी, मऊ पडतोय. पुढचं वजन वाढवलंत की सुटताना तो आणखी वाकणार आणि आणखी उजवीकडे जाणार. 85 चा पॉइंट लावा नाहीतर शाफ्ट थोडाथोडा कापत जा. पण आधी सांगा, बाणाची लांबी किती, तुम्ही ओढता किती? 35 हा आकडा 28 इंचावरचा असतो.

चिंचवडकर
35 पाउंडाला 500 मऊ?? काहीही काय बाणेदार, तेवढ्याला लोक 600-700 वापरतात. उलट कडक असायला पाहिजे.

बाणेदार
कडक असता तर डावीकडे गेला असता ना. बाण खोटं बोलत नाही, स्पाइनचा तक्ता खोटं बोलतो.

मन्या_मिशिगन
125-150 हे पोरखेळ आहेत. मी इकडे 45 च्या रिकर्व्हवर पुढे 200 ग्रेन लावतो, शिवाय पॉइंट बसवायचा पितळी इन्सर्ट वेगळा. पुढे वजन असलं की बाण कसा सरळ घुसतो, हरणाच्या सीझनला फरक कळतो. आधी 200 लावा मग बोला.

रानवाटा
काका, तिकडे सीझन असेल, इकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हरणाला बाण मारला तर थेट आत. माणूस गवताच्या पेंढीवर सराव करतोय, त्याला कशाला 200.

मन्या_मिशिगन
मी शिकार करा म्हटलंच नाही. वजनाचं बोलतोय. नीट वाचत जा.

सातारी_कंदी
आम्ही शाळेत असताना बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळायचो, 30 आणि 50 मीटर. ग्रेनबिन कुणी मोजले नाहीत, बाण हातात घेऊन वाकवून बघायचा, एकसारखे वाटतील ते एका भात्यात. सराव करा, सगळं आपोआप होतं. आणि आमच्या साताऱ्याची आदिती स्वामी 2023 ला बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, ती काय पॉइंटवर झाली का?

चिंचवडकर
ती कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेलं धनुष्य, खेळते हो, आणि तिच्याइतकं बारकाईने बाण जुळवणारे कमीच असतील. अभिमान आहेच पण इथे काय संबंध?

पमाताई
माझ्या मुलासाठी बघत होते तर एका दुकानात पाटीवर 125 ग्रॅम लिहिलं होतं, तेच का हे?

चिंचवडकर
ताई 125 ग्रॅमचं टोक म्हणजे बाणाला वरवंटा बांधल्यासारखं होईल. ते ग्रेन असतात. 1 ग्रॅममध्ये साधारण 15.4 ग्रेन, म्हणजे 125 चा पॉइंट जेमतेम 8 ग्रॅमचा.

नवखा_नेमबाज
अहो माझं राहिलंच. बाण 32 इंची आहेत, कापलेले नाहीत. ओढतो कानाच्या पाळीपर्यंत, 31 तरी येत असेल. बाण टेकवायला शेल्फ वगैरे नाही, हॉर्सबो (जुन्या घोडेस्वारांसारखं धनुष्य) आहे ना, बाण मुठीवरूनच जातो. आता 125 की 150?

बाणेदार
हॉर्सबो!! आणि ओढता कसे, तीन बोटांनी की अंगठ्याने?

नवखा_नेमबाज
अंगठ्यानेच, अंगठी घालून. हॉर्सबो अजून कशाने ओढतात? बाण उजव्या बाजूला ठेवतो.

बाणेदार
मग वर लिहिलेलं सगळं उलटं वाचा. तीन बोटांनी ओढणारा उजवखोरा बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवतो, कडक बाण वाकून धनुष्याला वळसा घालत नाही, म्हणून डावीकडे फेकला जातो. तुमचा बाण उजव्या अंगाला, म्हणून कडक बाण उजवीकडे. त्यात हॉर्सबोला मध्यापर्यंत कापलेली खिडकी नसते, अख्ख्या मुठीला वळसा घालायचा, म्हणजे आणखी मऊ बाण लागतो. 31 ला ओढता म्हणजे हातात 42 पाउंडाच्या आसपास येत असणार, तरी 500 कडकच वाटतोय. तेव्हा शाफ्ट अजिबात कापू नका, पुढचं वजन वाढवा.

चिंचवडकर
मी काय म्हणत होतो? कडक आहे. :)

नवखा_नेमबाज
म्हणजे 150.

बाणेदार
डझनभर घेऊ नका लगेच. स्क्रूचे आहेत ना, मग 125, 150 आणि 175 प्रत्येकी दोन घ्या. एका बाणाची पिसं काढून टाका, पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी तिथेच गुंडाळा, आणि 10 मीटरवरून पिसंवाले तीन न् हा बिनपिसांचा एक मारा. बिनपिसांचा उजवीकडे पडला तर अजून कडक, वजन वाढवा. डावीकडे गेला तर जास्त झालं. बाकीच्यांच्या शेजारी पडला की तोच पॉइंट. पेंढीत शेपूट वर-खाली दिसलं तर तो नॉक (बाणाची मागची खाच) दोरीवर कुठे लावता त्याचा प्रश्न, आधी तो सोडवा, नाहीतर डावं-उजवं नीट कळत नाही.

आखूडशिंगी
हे सगळं ठीक पण नवख्याची सुटका रोज वेगळी असते. आज 150 बरोबर, उद्या 125. सोडताना धनुष्याचा हात बाहेरच्या अंगाला किंचित वळवायला शिका, खत्रा म्हणतात त्याला, कडक बाणसुद्धा सरळ जातो.

बाणेदार
नवख्याला खत्रा शिकवू नका राव, मनगट कुठेही मारतील आणि मग बाण कुठे जातोय त्याचा पत्ता लागणार नाही.

आखूडशिंगी
शिकल्याशिवाय येणार कसं? अंगठ्याचं ओढणं शिकतोय तर पूर्ण शिकू दे की.

सातारी_कंदी
आमच्या वेळी खत्रा-बित्रा नव्हतं.

रानवाटा
नेमबाज, बाण मुठीवरून जातो म्हणालात, अंगठ्याच्या पेराला काही गुंडाळता का? पिसाच्या पुढच्या टोकाला गोंदाचा थेंब लावून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर तो दांडा कातड्यात घुसतो आणि काढताना डोळ्यांत पाणी येतं.

नवखा_नेमबाज
डाव्या अंगठ्यावर ओरखडे आहेतच, मला वाटलं सगळ्यांना पडतात. बरं तिन्हीचे दोन-दोन टाकले कार्टमध्ये. 5/16 चे की 11/32 चे घ्यायचे ते कुठे लिहिलेलं असतं?

चिंचवडकर
लाकडी बाणांना गोंदाने बसवायचे पॉइंट त्या मापात येतात, पण स्क्रूच्या पॉइंटलाही ते माप असतं, बाहेरच्या व्यासाचं. तुमचे स्क्रूचे. आता शाफ्टचा बाहेरचा व्यास किती ते सांगा.

पमाताई
ती अंगठी मुलांच्या मापात मिळते का?