फोडणीचा वास नाही, तिखट मात्र बरोबर कळतं: नेमकं काय गेलंय?

महालची_खानावळ
आमच्या आचाऱ्याची सर्दी जाऊन दहा आठवडे झाले, वास काही परतला नाही. रश्श्याचं तिखट-मीठ बरोबर जमतं, पण खोबरं करपलं तरी त्याला पत्ता नसतो. विक्स हुंगलं की मात्र नाकात झणझणतं. म्हणजे थोडा वास शिल्लक आहे का? झिंकच्या गोळ्या चालू आहेत, फरक काहीच नाही पडून राहिला.

नाक_कान_घसा
विक्सवर जाऊ नका. मेंथॉलचा गारवा, मिरचीचा झणका हा ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेचा कारभार. वासाची नस वेगळी. मीठ-आंबट तर जिभेचंच काम. कॉफी पावडर घ्या: डोळे मिटून, आधी एक नाकपुडी दाबून, मग दुसरी. ‘काहीतरी येतंय’ आणि ‘ही कॉफी’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, तशीच लिहून ठेवा.

वास येत-जात असेल तर बहुधा वाट अडलीय: पॉलिप (नाकातली मऊ गाठ) किंवा सायनसची सूज. तिथे स्टिरॉइडचा उपयोग होतो. सर्दीत गेला तो गेलाच, असं असेल तर नाकाच्या छताजवळच्या पेशींना मार बसलाय. त्या पेशी असतात ती अरुंद फट टॉर्चनं दिसत नाही. आपल्या नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलच्या ईएनटी ओपीडीत दुर्बिणीनं बघून घ्या. एकाच बाजूचा वास गेला किंवा नजरही अधू झाली, तर एमआरआयचा विषय निघतो.

झिंकनं काही साधत नाही. नाकात घालायच्या झिंकनं तर वास जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं २००९ मध्ये तसा इशाराच दिला होता.

वास_सराव
पेशींचं प्रकरण निघालं तर सराव करा. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, चारही तेलं. गडद काचेच्या चार बाटल्यांत कापूस, त्यावर तेलाचे थोडे थेंब. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी १५-२० सेकंद, छोटे छोटे हुंगे. मध्ये अर्धा मिनिट थांबा. लांब श्वास ओढत राहिलं की नाक थकतं. हुंगताना तो वास मनात आठवायचा. किमान १२ आठवडे, शक्यतो सहा महिने. भटारखान्यात करू नका.

बहुतेकांचं फसतं ते इथे: तेल उडून जातं आणि रुग्णाला ते कळत नाही. दर आठवड्याला दुसऱ्या कोणाला तरी बाटल्या हुंगायला लावा.

महालची_खानावळ
लिंबाऐवजी संत्र्याची साल चालेल? इथे तीच जास्त.

वास_सराव
चालेल, पण ताजी, नखानं चिरडून. वाळलेल्या सालीत दम नसतो. आणि हो, मधेच कॉफी किंवा परतलेला कांदा गटारासारखा घाण वाटू लागला तर घाबरून सराव सोडू नका. पेशी नव्यानं जुळताना असं होतं.

नाक_कान_घसा
तोवर गॅसचं बघा. एलपीजीत मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन घालतात ते वासानं गळती कळावी म्हणून, आणि आचाऱ्याला नेमकं तेच कळणार नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, छताला नाही. नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत जा. गळतीसाठी १९०६ नंबर भिंतीवर लिहून ठेवा.