नवा गिलावा, दसऱ्याची वास्तुशांत आणि पुट्टीची घाई

पाथर्डीफाटा_नवंघर
नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम चालू आहे. आतला सिमेंटचा गिलावा गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपला, आता पाणी मारणं चालू आहे. वास्तुशांत दसऱ्याला. पेंटर म्हणतात पाणी बंद केलं की चार दिवसांत पुट्टी (भिंत गुळगुळीत करणारा लेप), मग प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंगाचे दोन हात, सगळं दसऱ्याच्या आत. चालेल का? कार्पेट ६५० चौरस फूट, पुट्टी किती लागेल? स्वयंपाकघरात टाइल्सच्या वर ऑइल पेंट मारायचा विचार आहे.

गिलावा_ते_रंग
चतुर्थी ते दसरा साधारण ३६ दिवस. त्यातला पहिला आठवडा पाणी मारण्यात जातो, तो कमी करू नका. उरले चार आठवडे. कोरड्या हवेत गिलावा वाळायला निदान २८ दिवस लागतात, आणि नाशकात भाद्रपदात हवा दमट असते. त्यामुळे दसऱ्याला रंगाचा शेवटचा हात मारलेला असावा हा हट्ट सोडा.

नव्या सिमेंटमध्ये ओल असते आणि जहाल अल्कली असते, पीएच १२-१३ पर्यंत. वरून रंगाचा थर बसला की आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते. मग फुगे येतात, पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो, गडद रंगावर फिकट डाग पडतात. अशा भिंतीवर पुन्हा रंग मारून काही होत नाही, खरवडावंच लागतं.

दिवस मोजण्यापेक्षा भिंत तपासा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने पक्कं लावा, २४ तास ठेवा. आतून थेंब दिसले किंवा भिंतीचा तो भाग काळपट पडला तर थांबा. ही चाचणी बाहेरच्या भिंतीवर, बाथरूमच्या पाठीमागे आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर करा. हॉलच्या मधल्या भिंतीवर केलीत तर ती पास होईल आणि फसाल.

पुट्टीवाला_सिडको
वरचं रंगाबाबत बरोबर, पण पुट्टीला तोच नियम लावू नका. व्हाइट सिमेंटची पुट्टी किंचित दमट भिंतीवर चालते, उलट कोरडी ठणठणीत भिंत असेल तर आधी पाणी शिंपडतात. ॲक्रिलिक पुट्टी मात्र ओल्या भिंतीवर अजिबात नको. पेंटर कोणती पोती आणतोय ते बघा.

पुट्टीआधी भिंत घासायच्या दगडाने घासून सुटी वाळू काढा. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर भेग दिसली तर ती 'व्ही' आकारात खोदून क्रॅक फिलरने भरा. नुसती पुट्टी भरलेली भेग पुन्हा उघडते. खार असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, तो विरघळून परत आत जातो.

पाण्याचं प्रमाण किलोला साधारण ३६० ते ४०० मिली. कालवलेली पुट्टी तीन तासांत संपवायची. घट्ट झाली की वरून पाणी घालून पातळ करतात, तीच पुढे पावडर होऊन सुटते. दोन हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवा. गिलाव्याचा मोठा खड्डा असेल तर तो गिलाव्यानेच भरा.

माल: भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या साडेतीन पट धरा, म्हणजे २,२७५ चौरस फूट. दोन हातांना किलोला १५ चौरस फूट धरले तर १५० किलो, ४० किलोची चार पोती. गिलावा खरबरीत असेल तर पाच मागवा.

गिलावा_ते_रंग
पुट्टीचा मुद्दा मान्य. पेंटर वाळलेली पुट्टी १८० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने घासतील. टॉर्च भिंतीला चिकटून तिरका धरा, प्रत्येक लाट दिसते. घासल्यावर उरलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून भिंत वाळू द्या, मगच प्रायमर. धुळीवर बसलेला प्रायमर रंगासकट सोलून निघतो, आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो.

ऑइल पेंट यंदा नकोच. तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो. तो पट्टा महिनोन्महिने चिकट राहतो, नखाने दाबला तर खळी पडते. टाइल्स दोन फूट वर घ्या, किंवा धुता येणारं इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) वापरा.

पाथर्डीफाटा_नवंघर
म्हणजे दसऱ्याला पुट्टी आणि प्रायमरवर पूजा करायची, रंग दिवाळीनंतर?

पुट्टीवाला_सिडको
हो. पुट्टी दसऱ्याआधी उरकेल. प्रायमर मात्र प्लास्टिकची चाचणी पास झालेल्या खोल्यांतच, बाकी ठिकाणी पांढरी पुट्टी तशीच राहू द्या. पूजेला तीही स्वच्छ दिसते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तोवर दिवसा खिडक्या उघड्या ठेवा. पुट्टीवर होमाची काजळी बसेल, तेव्हा छताला प्रायमर मारायच्या आधी पेपर फिरवून घ्या.