घर घ्यायचं तर गाडी सुटते तिथे

चौथी_सीट

मुंबईत परवडत नाही म्हणून बाहेर घर बघणारा कुणीही भेटला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात: भाव काय, आणि खिडकीतून डोंगर दिसतो का. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत हा सगळा पट्टा याच दोन प्रश्नांवर विकला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा. सकाळची गाडी सुटते कुठून?

डोंबिवली सीएसएमटीपासून पन्नास किलोमीटरच्या आत, बदलापूर ६८. नकाशावर डोंबिवली जवळ. पण सकाळी साडेसातला डोंबिवलीत फास्ट पकडणाऱ्याला आत शिरता आलं तरी नशीब. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत माणूस बसतो, पेपर वाचतो, डुलकी काढतो. दीड तास बसून आणि तासभर दारात लोंबकळून, यातलं मी बसून जाणं घेईन. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं रुळांवर पडली, जीव गेले. ती काही हौसेने दारात उभी नव्हती.

विषय निघाला तो मावसभावामुळे. तो फोर्टात नोकरीला, वहिनी ऐरोलीत, मुलगी पहिलीत. डोंबिवलीत वन बीएचकेला जे मोजायचे त्यात बदलापुरात टू बीएचके होतो, नेरळला त्याहून मोठं. मी बदलापूर सांगितलं आणि घरात दोन तट पडले. मतं द्या. "गावी जाऊन शेती करा" असले सल्ले नकोत.

अंबरनाथची_आर्या

गाडी बदलापूरहून सुटते हे खरं, पण बदलापूरला ती रिकामी येत नाही हो! कारण त्यात मी बसलेली असते. अंबरनाथहून उलटी बदलापूरला जाते आणि त्याच गाडीत, त्याच सीटवर बसून परत येते. याला आमच्याकडे डाऊन करणं म्हणतात. उल्हासनगर, विठ्ठलवाडीच्याही बायका असतात. पास बदलापूरपर्यंतचा काढलेला असतो, त्यामुळे टीसीही काही बोलू शकत नाही. बदलापूरच्या बायका फलाटावरून चढतात आणि खिडक्या सगळ्या गेलेल्या बघून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मग कल्याणपर्यंत डब्यात जे चालतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा भावाला सांगताना "बसून जाशील" अशी हमी देऊ नका.

चौथी_सीट

आर्याताई, तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. सुटणाऱ्या गाडीचं मोल कळलं म्हणून तर तुम्ही रोज सकाळी उलट्या दिशेने जाता. बदलापूरकराला निदान ती कसरत करावी लागत नाही.

मुलुंडपूर्व

इतका वेळ चर्चा चाललीय ती फोर्टात जाणाऱ्याची. ऐरोलीला जाणारीचं काय? बदलापूरहून ठाणे, तिथे भरगच्च पुलावरून ट्रान्सहार्बरच्या (ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या) फलाटावर, मग ऐरोली. तिला सीएसएमटीच्या फास्टमधली सीट मिळाली तरी ती ठाण्याला उठणार, आणि ठाण्याला उतरायचं तर मुंब्र्यापासून दाराकडे सरकावं लागतं. म्हणजे बसण्याचं सुख निम्मं. कळवा ते ऐरोली जोडमार्ग झाला तर कल्याणकडच्यांना ठाण्यात न उतरता नवी मुंबई गाठता येईल, असं आपण किती वर्षं ऐकतोय? त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. जोडमार्ग अजून नाही.

आणि मुलगी पहिलीत. शाळेतून दुपारी फोन आला की ताप आहे, तर घरी पोचणार कोण आणि किती वाजता? मध्य रेल्वेवर पावसाळ्यात "पोचते तासाभरात" म्हणायची सोय नसते. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला दोनच रूळ. त्यावरूनच लोकल, त्यावरूनच पुणे आणि दक्षिणेच्या मेल, त्यावरूनच मालगाड्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये झाली, त्याचा फायदा दिव्यापर्यंत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी होईल तेव्हा होईल. तोवर एक मालगाडी वांगणीला बंद पडली की मागे सगळं ठप्प.

तुमचा नियम एका माणसाच्या प्रवासाचा आहे, घराचा नाही. दोघं दोन दिशांना कामाला जात असतील तर लहान घरात राहावं पण ठाणे-कल्याणच्या मध्ये राहावं. डोंबिवलीचा वन बीएचके.

तळेगावचा_तात्या

आमच्या पुणे बाजूची गंमत बघा. पुणे-लोणावळा लोकल आहे, तळेगाव दाभाडे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या आणि दुपारी मोठा खंड. इथे नवीन आलेल्यांतले निम्मे लोक चाकणला नाहीतर हिंजवडीला जातात, म्हणजे रेल्वेशी संबंधच नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी एकदा अडका, मग तुमचं "गाडी सुटते तिथे" वगैरे विसराल. ज्याची त्याची कामाची जागा बघायची, नियम कसला.

चौथी_सीट

तात्या, मान्य. माझं म्हणणं मुंबईच्या लोकलपुरतं.

मुलुंडपूर्व, तुमचा ठाण्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत आई-वडीलही येणार आहेत, ते सांगायचं राहिलं. पाच माणसं, एक बेडरूम. रोज तासभर वाचवून घरात बसायला जागा नसेल तर त्या तासाचं करायचं काय?

मुलुंडपूर्व

मुलीशी बोलायचं. चाळीत दहा-दहा माणसं राहिली की.

उल्हासकाठचा

मी नेरळजवळच्या गावचा. इथलाच, पाच पिढ्यांचा. तुम्ही ज्याला "छोटं गाव" म्हणून निवडायला निघालात तिथे आधीपासून माणसं राहतात, हे कुणाच्या लक्षात येतं का बघत होतो.

तुमचा नियम गमतीचा आहे. गाडी सुटते तिथे घर घ्यायचं. मग त्या गावी गर्दी होते, मग गाडी पुढून सोडायची मागणी होते, की पुढच्या गावी घर. बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात होती. आत्ताचा आकडा तुम्हीच फलाटावर उभं राहून अंदाजाने सांगा. तिथे एके काळी जांभळाच्या बागा होत्या, आता जांभळाच्या नावाची संकुलं आहेत. शेलू-नेरळचं तेच चाललंय. पनवेल-कर्जत नवी उपनगरी मार्गिका, जेमतेम तीस किलोमीटरची, कागदावर आली तेव्हापासून आमच्या भाताच्या खाचरांचे भाव कर्जतमध्ये नाही, मुंबईत ठरतात. ज्यांनी विकलं त्यांना मी नावं ठेवत नाही. भातात काय सुटतं ते मला माहीत आहे.

पण आलेल्यांचं काय? सकाळी साडेपाचला जातात, रात्री नऊला येतात. मतदार यादीत नाव घाटकोपरला. नेरळला अजून ग्रामपंचायत आहे. तेवढ्याच यंत्रणेवर कचरा, पाणी, गटारं, सगळा भार. टँकर उशिरा आला की सोसायटीच्या ग्रुपवर "गावातले लोक असेच" म्हणून लिहितात. ग्रामसभेला या म्हटलं तर रविवारी झोप काढायची असते. बरोबरच आहे, सहा दिवस चार-चार तास प्रवास करणारा माणूस आणखी काय करणार? म्हणजे तुम्ही गावात राहायला येत नाही, निजायला येता.

आणि लोकल फक्त तुमची नाही. पावसाळ्यात आमच्या ठाकर-कातकरी बायका पहाटेच्या गाडीने शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन कल्याण-दादरला जातात. दूधवाले जातात. त्यांच्या टोपल्यांना आता डब्यात जागा नाही. तीच भाजी तुम्ही दादरला घेऊन त्याच गाडीने परत इथे आणता, याचं मला नेहमी हसू येतं.

आसनगावकर

वरच्या दादांचं पाण्याचं दुखणं आमच्याकडे दुप्पट आहे. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा. मुंबई आमचं पाणी पिते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे "धरणाच्या शेजारी घर, पाण्याची चिंता नाही" ही जाहिरात वाचली की पान उलटा.

तरीही मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. आसनगावहूनही गाड्या सुटतात. सीएसएमटी ९५ किलोमीटर, दोन तासांच्या वर. बसायला मिळतं म्हणून नोकरी टिकली, नाहीतर पाठदुखीने सोडावी लागली असती. गाडीत आमचा ग्रुप आहे, वाढदिवस होतात, भजन होतं (भजन ज्यांना नको त्यांनी पुढचा डबा पकडावा). घरी सगळे झोपलेले असतात, तेव्हा माणसांशी बोलणं होतं ते गाडीतच. हे चांगलं की वाईट ते ठरवत बसलो नाही.

अंबरनाथची_आर्या

हे भजन बायकांच्या डब्यात शेजारून ऐकू येतं बरं का. आणि घरी सगळे झोपलेले असतात ही परवडणारी गोष्ट पुरुषांचीच. मी नऊला पोचले तर कुकर कोण लावणार?

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून बोलतो. आत्ता घेऊच नका. नोंदणी करताना मुद्रांक शुल्कातच घराच्या किमतीचे सहा-सात टक्के जातात (बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत). वर्षाने जमलं नाही म्हणून विकायला काढाल तर ते पैसे परत येत नाहीत. त्यापेक्षा बदलापुरात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. करार असा करा की पावसाळा पूर्ण त्यात येईल. ऑक्टोबरमध्ये बघायला गेलात तर सगळंच छान दिसतं, दुरून डोंगर साजरे. एप्रिलचं ऊन आणि जुलैची नदी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

नदीचं गमतीने घेऊ नका. २००५ चा २६ जुलै मुंबईत मिठी नदीमुळे लक्षात आहे, पण उल्हास नदीनेही तेव्हा बदलापूरची दैना केली होती. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी होड्यांतून काढावे लागले. जलसंपदा खातं पूररेषा आखतं, निळी २५ वर्षांतल्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या. नवीन इमारत त्या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे ते बिल्डर आपण होऊन सांगत नाही. नगरपरिषदेत जाऊन नकाशा बघा. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर असला म्हणजे पाणी येणार नाही असं नाही.

उल्हासकाठचा

हे बरोबर बोललात. आमच्याकडे जुनी घरं कुठे आहेत ते बघा, पूररेषा आपोआप कळेल. नदीकाठी फक्त शेतं होती, त्याला कारण होतं.

चौथी_सीट

दोन दिवस भावाशी आणि वहिनीशी बोलतोय. वहिनीने हा सगळा धागा वाचला. तिचं म्हणणं, तुम्ही सगळे गाडी आणि नदीवर बोललात, पण बदलापुरात तिची मावशी राहते हे कुणी मोजलं नाही. शाळेतून तापाचा फोन आला तर मावशी दहा मिनिटांत पोचेल. शिवाय सासऱ्यांना ग्रंथसखा वाचनालयाचं आकर्षण आहे, ते आत्ताच दिवसभर तिथे बसायचे बेत करतायत. ठाण्यातली चढउतार ती सहन करेल म्हणते. डोंबिवलीत राहून ती चढउतार टळेल हेही तिला पटत नाही, ऐरोलीसाठी तिथूनही ठाणेच गाठायचं आहे.

तर हिशेबनीस म्हणतात तसं आधी भाड्याने, मेपासून. पश्चिमेला एक जागा बघून ठेवली आहे, स्टेशनपासून चालत, भाडं माफक.

अंबरनाथची_आर्या

पश्चिमेला कुठे? हेंद्रेपाडा, रमेशवाडीच्या बाजूला असेल तर तळमजला अजिबात नको. भाडं माफक का आहे ते पहिल्या पावसात कळेल. पूर्वेला कात्रपमध्ये बघायला सांगा. भाडं थोडं जास्त, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, सकाळी रिक्षाची रांग असते म्हणून घरातून दहा मिनिटं आधी निघायचं. आणि वहिनींना म्हणावं, मधल्या लेडीज डब्यात खिडकीजवळची तिसरी सीट माझी आहे.