दुपट्टा उन्हासाठी ठीक, संसर्गासाठी नाही

वर कुणीतरी म्हटलंय, नागपुरात मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधतोच, मग संसर्ग टाळायला वेगळा मास्क कशाला? मला हे अजिबात पटत नाही. दुपट्टा ऊन अडवतो, पण हवेतले बारीक कण त्याच्या सैल विणीतून सहज आरपार जातात.

दुपट्टा जाऊ द्या, कापडी मास्कचंही बघा: व्हिएतनाममधल्या हनोईच्या १४ रुग्णालयांतल्या १,६०७ कर्मचाऱ्यांवरची मास्कची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लूसारखा आजार वैद्यकीय (सर्जिकल) मास्कपेक्षा कापडी मास्क वापरणाऱ्यांत जास्त आढळला. प्रयोगशाळेत कापडातून जवळपास ९७ टक्के कण पार गेले, वैद्यकीय मास्कमधून ४४. मात्र तुलनेसाठी नेहमीसारखंच वागू दिलेल्या तिसऱ्या गटातही बरेच जण मास्क लावत होते, त्यामुळे कापडी मास्क काहीच न लावण्यापेक्षा वाईट, असं त्यावरून म्हणता येत नाही. बांगलादेशातल्या ६०० गावांतल्या अभ्यासात सर्जिकल मास्कचा फायदा दिसला, कापडीचा स्पष्ट दिसला नाही.

त्यात आपल्याकडचा घाम! सीताबर्डीच्या गर्दीत कापड बघता बघता चिंब होतं, श्वास कोंडतो, मग माणूस ते हनुवटीवर ओढतो. घरात म्हातारं किंवा दम्याचं माणूस असेल तर कृपया एन-९५ घ्या आणि नाकावरची पट्टी नीट दाबून बसवा. नाहीच मिळाला तर सर्जिकल. कापडीच असेल तर घट्ट विणीचा, दुहेरी, रोज धुतलेला.