शब्दचर्चा : ‘छोटं शहर’ की ‘तालुक्याचं गाव’? (बोलणाऱ्यांची नावं ही टोपणनावं आहेत.)

मसुदा : एका कादंबरीच्या हस्तलिखितात तीस हजार वस्तीचं गाव आहे. दक्षिण महाराष्ट्र, काळ १९७०च्या आसपास. शिंपी, शाळामास्तर, आडत्याकडचा दिवाणजी अशी साधी माणसं. लेखकाने निवेदनात आणि संवादातही त्या गावाला ‘ते छोटं शहर’ म्हटलं आहे. वाचताना दर वेळी ठेच लागते. ‘कसबा’ किंवा ‘निमशहर’ चालेल का? की आणखी काही नेमका शब्द आहे?

ओसरी : ठेच लागते, कारण मराठीत अशा ठिकाणाचं नाव आकारावरून ठरत नाही, तिथे माणूस कशासाठी जातो त्यावरून ठरतं. वाडीवरचा शेतकरी म्हणतो, ‘तालुक्याला जाऊन येतो’. दाखल्याचं, कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम असलं की हा शब्द. तोच माणूस आठवडी बाजारच्या दिवशी त्याच ठिकाणी निघाला की ‘बाजाराला चाललो’ म्हणतो. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा तिथे जातो तेव्हा ‘गावी’ जातो, मग गावाची वस्ती तीस हजार असो की तीनशे. आणि खुद्द तिथे राहणारा, विशेषतः नव्या कॉलनीतला, म्हणतो, ‘जरा गावात जाऊन येतो’. म्हणजे जुन्या वस्तीत, बाजारपेठेकडे.

ठिकाण एकच, शब्द चार. ‘छोटं शहर’ लिहिलं की हे सगळे एका आवाजात बोलू लागतात. निवेदनात ‘तालुक्याचं गाव’ ठेवा. ‘तालुक्याचं ठिकाण’ हे बातमीचं मराठी आहे, कथेत कोरडं वाटतं. संवादात मात्र कोण बोलतोय आणि कुठे उभा राहून बोलतोय, ते पाहूनच शब्द निवडावा.

मसुदा : ‘गावी’ आणि ‘गावाला’ यांत फरक करायचा का?

ओसरी : जरूर. ‘ते गावी गेलेत’ म्हणजे मूळ गावी. ‘ते गावाला गेलेत’ म्हणजे घरी नाहीत, कुठेतरी बाहेरगावी आहेत. मूळ गावीही असतील, लग्नकार्यालाही असतील. आणि ‘गावात गेलेत’ म्हणजे घटकाभरात परत येतील. दारात आलेल्या वसुलीच्या माणसाला बाई या तिन्हींपैकी कोणतं उत्तर देते, त्यावर सगळा प्रसंग फिरू शकतो.

गावठाण : ‘कसबा’ हा मूळ अरबी शब्द. जुन्या महसुली व्यवहारात साधं खेडं ते ‘मौजे’, आणि बाजारपेठ व अंमलदाराचं ठाणं असलेलं मोठं गाव ते ‘कसबा’. मौज्यात पाटील-कुलकर्णी, कसब्यात आणि पेठेत त्यांच्या जोडीला बाजाराचे वतनदार म्हणून शेटे-महाजन. म्हणजे तुम्हाला हवा आहे त्याच जागेचा हा शब्द होता. पण आजच्या मराठीत तो बहुतेक ग्रामनामांतच उरला आहे : कसबा संगमेश्वर, कसबा बावडा, कसबा बीड. ‘कसब्यात’ म्हटलं की पुणेकराला कसबा पेठच आठवते. हिंदीत तो सामान्यनाम म्हणून जिवंत आहे, म्हणून हिंदी कादंबऱ्यांच्या अनुवादांत तो तसाच उचलला जातो आणि मराठी वाचकाला एखाद्या विशिष्ट गावाचं नाव वाटतो. कथा पेशवाईतली असेल तर खुशाल वापरा, १९७०च्या माणसाच्या तोंडी नको.

सामान्यरूपाकडेही लक्ष असू द्या. ‘कसब’ म्हणजे कौशल्य, हा शब्द वेगळा. अरबीत त्याची अक्षरंही वेगळी. ‘कसबाने शिवलेला सदरा’ बरोबर, ‘कसब्याने शिवलेला’ चूक.

मुद्रित : ‘निमशहर’ हे नाम रूढ नाही. ‘निमशहरी’ हे विशेषण आहे, ‘निमसरकारी’ आहे तसं. समीक्षेत, अहवालात शोभतं. शिंप्याच्या डोक्यात शिरून लिहिलेल्या वाक्यात ते आलं की शिंपी बाजूला राहतो आणि प्राध्यापक बोलू लागतो.

चावडी : गावाचा दर्जा ठरवल्याशिवाय बाकीचे शब्द ठरणार नाहीत, आणि अशा लेखनात सर्वाधिक चुका इथेच होतात. तीस हजार वस्तीच्या गावात नगरपालिका असेल, तर ती १९६५च्या कायद्याखालची. मग तिथे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी. सरपंच आणि ग्रामसेवक नाहीत. कायद्यात ‘नगरपरिषद’ असलं तरी लोक ‘नगरपालिका’च म्हणतात, नुसतं ‘पालिका’ही. ‘नगरपंचायत’ १९७०च्या कथेत येऊच शकत नाही; ती ७४व्या घटनादुरुस्तीनंतरची, म्हणजे १९९३नंतरची. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२पासूनच्या. त्याआधीच्या प्रसंगात ‘लोकल बोर्ड’ हवं. शाळेला मात्र दोन्ही काळांत ‘मराठी शाळा’ म्हणता येईल.

‘मामलेदार’ की ‘तहसीलदार’? जुन्या मुंबई इलाख्यात मामलेदार, मराठवाड्यात आणि विदर्भात तहसीलदार. दक्षिण महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी १९७०लाही ‘मामलेदार कचेरी’च शोभेल. त्याचा कारकून मुलगा ‘तहसील’ म्हणू लागला असेल, तर एका शब्दात दोन पिढ्या दिसतात.

मसुदा : हस्तलिखितात भाऊ-भाऊ वाड्याच्या सातबाऱ्यावरून भांडतात. ते बरोबर आहे?

चावडी : नाही. जुना वाडा गावठाणात असणार, आणि सातबारा असतो शेतजमिनीला. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायत असेल तर ‘नमुना आठ’चा उतारा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक. बोलण्यात ‘सिटी सर्व्हेचा उतारा’. शिवाय नमुना आठ म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे. भांडण इथूनच सुरू करता येईल : एक भाऊ घरपट्टीची पावती दाखवतो, दुसरा वाटणीपत्र मागतो. तलाठ्याकडचा ‘आठ-अ’ हा तिसराच कागद, खातेदाराच्या एकूण जमिनीचा. ‘आठ’ आणि ‘आठ-अ’ यांची गल्लत करू नका.

तिठा : रस्त्यांच्या शब्दांतही प्रदेश बोलतो. तीन रस्ते मिळतात ती जागा कोकणात ‘तिठा’, कोल्हापुरात ‘तिकटी’ (मिरजकर तिकटी आहेच). मुख्य रस्त्यावरून आडगावाकडे वळण फुटतं तो ‘फाटा’. धान्याच्या आडतीचा बाजार मराठवाड्यात ‘मोंढा’. दक्षिण महाराष्ट्रातल्या दिवाणजीच्या तोंडी तो घालू नका, तो ‘आडतीवर’ जाईल किंवा ‘पेठेत’. एसटीचं ते नुसतं ‘स्टँड’. ‘बसस्थानक’ पाटीवर लिहिलेलं असतं, बोलत कुणी नाही.

ओसरी : मूळ हस्तलिखितातलं एखादं वाक्य इथे दिलंत तर बदल नेमका सांगता येईल.

मसुदा : ‘त्या छोट्या शहरात सगळे एकमेकांना ओळखत होते. रविवारी तो बाजारात गेला आणि बसस्थानकावर त्याला मास्तर भेटले.’

ओसरी : पहिलं वाक्य काढूनच टाका. ओळख सांगायची नसते, दाखवायची असते. आणि ‘बाजारात गेला’ म्हणजे दुकानांत गेला. आठवड्याचा बाजार सांगायचा तर ‘बाजार करून’ हवं. असं पाहा : ‘रविवारी बाजार करून तो स्टँडवर आला, तर मास्तर फलाटाशी उभे. पिशवीकडे बघून म्हणाले, “आज वांगी नाहीत? पाहुणे गेले वाटतं.”’

मुद्रित : ‘फलाटाशी’ छान. फक्त तालुक्याच्या स्टँडला १९७०मध्ये फलाट होता का, ते लेखकाने आधी ठरवावं. नसेल तर ‘कंट्रोलरच्या खिडकीशी’.