माटुंगा: पाच ठिकाणी चाखायचं की एका पानावर बसायचं?

पानावर_बसा: माटुंगा पूर्वेला हल्ली 'एका सकाळी पाच ठिकाणं' अशा खाद्यफेऱ्या निघतात. रामाश्रयात अननसाचा शिरा, कॅफे मद्रासला रसम वडा, शेवटी फिल्टर कॉफी, सोबत फोटो. माझा याला विरोध आहे. स्टेशनजवळ रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगचा जिना चढा, टोकन घ्या आणि केळीच्या पानावर पूर्ण जेवा. १९४२ची खाणावळ. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या एकट्या माणसाला रोजचं जेवण देणारी अशी बोर्डिंगं, त्यावर इथली खाद्यसंस्कृती वाढली. सांबारभात, मग रसमभात, शेवटी ताक: घासघास चाखून हा क्रम कसा कळणार?

रुईया_कट्टा: अजिबात पटलं नाही. रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं. ही मुळात नाश्त्याचीच हॉटेलं आहेत, तिथे दोन पदार्थ खाऊन उठायचंच असतं. चौघांनी मिळून प्रत्येक ठिकाणी एकेक डिश घ्या. उडुपी सांबारात गूळ असतो, तमिळ घरच्या सांबारात बहुधा नसतो. हा फरक लागोपाठ खाल्ल्याशिवाय जिभेला लागत नाही. पानावरचं जेवून उठलेला माणूस पुढे डोसा काय खाणार?

माहीमवाला: पण याला विविधता म्हणायचं का? इडली, डोसा, पोंगल, सगळं शाकाहारी. रूळ ओलांडून या: दादरला प्रकाशचं पियूष नि साबुदाणा वडा, सिंधुदुर्गचं मालवणी जेवण, माहीमला बाबा फालुदा. मासळी नाही, मटण नाही, तर शहर कुठून दिसणार?

रुईया_कट्टा: किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावरचं कूलार विसरलात? इराणी हॉटेल आहे, ऑम्लेटही मिळतं, खिमाही मिळतो. आणि 'इडली-डोसा' म्हणून सगळं एका टोपलीत टाकू नका. नीर डोसा तुळूनाडूचा, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीचा, पोंगल तमिळ.

माहीमवाला: एका कूलारने माटुंगा बदलत नाही. तुम्ही सांगताय ते बारकावे आहेत, मान्य. मी खाणाऱ्या समाजांबद्दल बोलतोय.

भंडारकर_रोड: मी इथेच राहते. इथे तमिळ, मल्याळी, कन्नड, कोकणी, गुजराती, कच्छी सगळे शेजारी आहेत, त्यामुळे समाज कमी पडतात हे मला मान्य नाही. पण तुम्ही तिघंही फक्त हॉटेलांवर बोलताय. बाजारात केळफूल मिळतं, सांडगी मिरची मिळते, खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स मिळतात, कॉफीत मिसळायच्या चिकोरीचं प्रमाण विचारून कॉफी दळून देतात. घरं काय शिजवतात ते तिथे दिसतं. आणि कृपा करून रविवारी सकाळी घोळक्याने येऊ नका. फुटपाथवर रांगा लागतात, म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून चालावं लागतं.

पानावर_बसा: रांगांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पाच ठिकाणं म्हणजे पाच रांगा. एकाच ठिकाणी जेवलात तर उरलेला वेळ बाजाराला देता येतो.

रुईया_कट्टा: मग कामाच्या दिवशी दुपारी उशिरा या. गर्दी कमी असते, कॉफी तशीच मिळते. पण मी एकाच पानावर थांबणार नाही.